ठोके उतरेपर्यंत

त्या पहाटे सोनईच्या कालव्यावर इतकं धुकं होतं, की सायकल पार अंगावर आली तेव्हा कुठं मी बाजूला उडी मारली. सायकलवाला खडीत आडवा. उठून कपडे झटकत म्हणाला, "माफ करा, तुम्ही दिसलाच नाहीत."

मला हसूच फुटलं. सोनईत मी कुणाला दिसले नाही असं आजवर झालं नव्हतं!

ते गोरक्षनाथ सर, माळावरच्या नव्या शाळेतले खेळाचे मास्तर. शाळेला अनुदान नव्हतं, त्यामुळं सरांना पगारही नव्हता. इतक्या धुक्यात पळता कशाला, असं त्यांनी विचारलं आणि मी धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाले. राहुरीचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत आहे, फक्त अंगानं जरा कमी करा, भाऊबीजेनंतर परत येऊ, असं म्हणून गेले. पोहे मात्र दोनदा घेतले मेल्यांनी. माझ्यामागं धाकटी अश्विनी लग्नाची. तेव्हापासून आई मला अर्धी भाकरी वाढायची आणि मी भावाचे बूट घालून पळायचे.

"नुसतं पळून माणूस वाळतं," सर म्हणाले. "अंगात बळ पण यायला पाहिजे. दोन्ही करा. आणि पोटभर खा, उपाशी कुणी पळतं का?"

पोटभर खा म्हणणारा पहिला पुरुष! तिथंच माझा निम्मा निकाल लागला.

मग एक दिवस पळणं, एक दिवस बळ. बळाच्या दिवशी बैठका, आणि शाळेतला लोखंडी गोळा उचलून डोक्यावर न्यायचा. गुडघ्यातून वाका, कंबरेतून नको... हे इतक्यांदा ऐकलं, की घरी पाण्याची कळशी उचलतानाही मला तोच आवाज ऐकू यायचा. पळण्याच्या दिवशी पळून झालं की ते माझं मनगट धरून, घड्याळाकडं बघत ठोके मोजायचे. ठोके लवकर उतरले म्हणजे काळीज तयार झालं म्हणे. माझे काही केल्या उतरत नव्हते.

"अजून... जास्तच आहेत," एकदा ते काळजीनं म्हणाले.

"तुम्ही हात सोडा, उतरतील."

त्यांनी हात सोडला नाही. घड्याळाकडं बघत राहिले, पण मोजत नव्हते. परतीचा पाऊस भुरभुरत होता, कालव्याचं पाणी गढूळ झालं होतं, आणि मला एकदम रडू यायला लागलं. मी जितकी बारीक होईन, तितकी राहुरी जवळ येणार होती.

दिवाळीत डबे भरले, तशी मी गुपचूप बेसनाच्या लाडवांवर तुटून पडले. जाड झाले तर झाले, स्थळ तरी मोडेल. दुसऱ्या सकाळी पळताना दम लागला. काय खाल्लंत, सरांनी विचारलं. मी सांगितलं. का खाल्लं, तेही सांगितलं.



"सुकन्या..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "माझ्याही मनात तेच आहे. पण तुझ्या वडलांपुढं कोणत्या तोंडानं येऊ? अजून मी आईच्या मजुरीची भाकर खातो."

"एकदा या तर. पुढचं मी बघते."

"अनुदान येईल... एखाद्या वर्षात."

"राहुरीचे लोक चार दिवसांत येतायत, सर."

त्यांनी घड्याळात पाहिलं. मला असा राग आला, की पायाशी पडलेला शाळेचा गोळा उचलला आणि कालव्यात भिरकावला. चांगला लांब गेला.

लाडवांनीही दगाच दिला. अंगाला आता पळणं आणि बळ, दोन्हीची सवय झाली होती, कुठं जिरले कळलंच नाही. भाऊबीजेनंतर राहुरीचे लोक आले. मुलाची आई मला बघून म्हणाली, "आता कशी चवळीची शेंग दिसते!" मी आईला आत नेलं आणि माझ्या मनात दुसरं कुणी आहे म्हणून सांगितलं. आई चिडली नाही. हळूच म्हणाली, "मग त्यानं यावं की दारात. न्हाई कोन म्हनतंय?"

मी अश्विनीला सरांकडं पिटाळलं, लगेच या म्हणून, आणि दाराकडं डोळे लावून बसले. अश्विनी एकटीच परत आली. निरोप दिला म्हणाली, सर नुसते ऐकत उभे राहिले. ओसरीवर सुपारी फुटली.

तुळशीचं लग्न झालं आणि लगोलग माझं. पाठवणीच्या वेळी आभाळ भरून आलं होतं. अश्विनी रडत होती, भाऊ वऱ्हाडाच्या मागं, जीपवाला हॉर्न देतोय, आणि माझी भांड्यांची ट्रंक अंगणातच पडलेली. सर मांडवाच्या खांबाशी उभे होते. ते पुढं आले, त्यांनी ट्रंकेला हात घातला.

"राहू द्या सर," मी म्हटलं. "येतं मला."

शालू खोचला, गुडघ्यातून वाकले आणि ट्रंक उचलून जीपमध्ये ठेवली. वऱ्हाडातल्या बायका बघतच राहिल्या. छाती नुसती धडधडत होती. वळून पाहिलं, तर सरांनी सवयीनं आपलं मनगट वर घेतलं होतं आणि ते घड्याळाकडं बघत होते.

जीप कालव्यावर वळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.