भावाच्या वाट्याचं शून्य

"पहारेकरी काही केल्या कबूल होत नाही," इन्स्पेक्टर फोनवर म्हणाले. "तुमचा नकाशा पुन्हा एकदा बघा, बाई. उद्या त्याला कोर्टात उभं करायचंय."

पाणीखात्यात बाईंचं काम कान लावण्याचं. तलावातून पंपघरात येणाऱ्या जलवाहिनीवर मायक्रोफोन चिकटवलेले. आवाजावरून त्या गळती शोधत. परवा पंपघराच्या भिंतीबाहेर वाहिनी फुटली, निम्मं शहर कोरडं पडलं. फुटण्याआधी एक दणका ऐकू आला होता. तो कुठे बसला? बाईंनी संगणकाला वाहिनीभर हजारो अंदाज टाकायला लावले. इथे दणका बसला असता तर मायक्रोफोनना असंच ऐकू आलं असतं का? पटेल तो अंदाज ठेवायचा, न पटेल तो गाळायचा. उरलेल्या ठिपक्यांची गर्दी झाली भिंतीबाहेर, पहारेकऱ्याच्या खुर्चीपाशी. बदलीवरून खात्याच्या साहेबांशी त्याचं वाजलेलं होतंच.

बाईंनी नकाशा उघडला. ठिपके भिंतीला चिकटून सरळ रेघेत उभे होते, बंद दाराला माणसं रेटून उभी राहावीत तसे. परवाही ते तसेच होते. भिंत आहे म्हणून रेघ, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण वाहिनी तर भिंतीतून आत जाते.

त्यांनी गणित पुन्हा चालवलं आणि इन्स्पेक्टरांना घेऊन पंपघर गाठलं. तिथला ऑपरेटर त्यांचा धाकटा भाऊ.

"दणका झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"सांगितलं ना ताई. जेवायला. पंपाच्या खोलीला कुलूप होतं."

"किल्ली?"

"माझ्याकडेच."

"खोलीतली वाहिनीची झडप बंद सापडली. कुणी केली?"

"मीच, जाताना. हळूहळू, नेहमीसारखी."

"मग दणक्याच्या क्षणापर्यंत पाणी वाहताना कसं ऐकू येतंय?"

भावाने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तू घाईत झटक्याने झडप लावलीस," बाई म्हणाल्या. "धावतं पाणी तिच्यावर आपटलं, तोच दणका. त्या दाबाने बाहेरचा कच्चा सांधा फुटला. तुझ्या शब्दावर मी या खोलीला शून्य शक्यता दिली होती. थोडी नाही, शून्य. त्याला पुराव्याने कितीही गुणलं तरी शून्यच. आज ते शून्य काढलं, तर सगळी गर्दी झडपेवर."

"बोलणार होतो गं," भाऊ पुटपुटला. "तुझा नकाशा आला, आणि मग तोंडच उघडेना."

मशीन चुकलं म्हणायचं का, असं इन्स्पेक्टरांनी हळूच सुचवलं.

"मशीन भिंतीवर डोकं आपटून सांगत होतं. मीच ऐकलं नाही."

पहारेकरी सुटला तेव्हा बाई चौकीच्या दारात उभ्या होत्या. इन्स्पेक्टरांनी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने चपला पायात सरकवल्या.

"भावाला शून्य," तो म्हणाला. "मग मला किती दिलं होतंत?"

बाकी सगळ्या जागांना शक्यता सारखीच वाटून दिली होती, हे उत्तर खरं होतं. ते बाईंच्या ओठांवर आलंही.

"त्याच्या वाट्याचा संशय," त्या म्हणाल्या. "तो तुम्हाला दिला."