हेलियममधला आवाज

"डॉक्टर, मी दमले आहे," हेमांगी नाटेकर माइकमध्ये म्हणाली. हे तिनं आधीही सांगून पाहिलं होतं.

वर अरबी समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर डॉ. अमीना दळवी हसल्या. "अगं, आवाज तर कालच खाली उतरल्यासारखा टवटवीत आहे तुझा! एक महिना आणखी काढ ना. बदली माणूस मिळत नाही गं."

हेमांगीनं बटण बंद केलं आणि बाकावर तशीच बसून राहिली. सागरतळावरच्या या पोलादी निवासात ती आणि लॉरेन्स तुस्कानो असे दोघंच होते. समुद्राखालच्या तारा जोडायच्या, जेवायचं, आडवं व्हायचं. बाहेरच्या पाण्याइतकाच दाब आतही ठेवलेला. तेवढ्या दाबाखाली नायट्रोजन माणसाला झिंग आणतो, म्हणून त्याच्याऐवजी हेलियम. दाबाखालचा तो दाट वायू छातीत ओढणं हेच एक काम होऊन बसलं होतं.

"मी सांगते ते त्यांना खरं का वाटत नाही?" तिनं विचारलं. तिचा आवाज पिपाणीसारखा निघाला. इथं दोघांचाही तसाच निघे.

लॉरेन्स वसईचा, ध्वनियंत्रांवर आयुष्य घालवलेला अभियंता. तो खाटेवर पाठ टेकून बसला होता.

"हेलियम हलका. त्यात ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगानं धावतो. त्यामुळे आपल्या घशातल्या, तोंडातल्या पोकळ्या भलत्याच घुमतात. वरच्यांना आपलं बोलणं कळावं म्हणून मधे स्वरसुधारक बसवलाय. पण खाली येण्याआधी आपल्या आवाजाचा नमुना घेतला होता, आठवतं? तो त्याचा साचा. आपले शब्द त्या साच्यात ओततो आणि वर पाठवतो."

"म्हणजे त्यांना माझा पहिल्या दिवसाचा आवाज ऐकू येतो?"

"झोप झालेला, घरचं जेवलेला." लॉरेन्स श्वासासाठी थांबला. "थकवा शब्दांत कुठे असतो? तो शब्दांच्या आजूबाजूला असतो. यंत्र त्याला कचरा समजून झाडून टाकतं."

तो उठला. नळ्यांमधली गळती ऐकायला ते एक स्पर्शमाइक वापरत, तो त्यानं खणातून काढला.

"हा जबड्याच्या हाडाला दाबून धर. स्वरतंतू हेलियममध्येही पहिल्यासारखेच थरथरतात. ती थरथर मांसातून, हाडातून सरळ या माइकात येईल. स्वरसुधारक मी बाजूला काढतो. बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"डॉक्टर, मी हेमांगी. जेवण जात नाही. झोप लागत नाही. काल तार जोडताना हात वर उचलला, आणि तो कशासाठी उचलला तेच विसरले."



"हा तुझा आवाज?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "या अल्ला! मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?" त्यांनी घसा साफ केला. "गुरुवारी तुला न्यायला दाबकोठी खाली येईल. जागा एकच आहे. तू वर ये."

हेमांगीला आनंद व्हायला हवा होता. तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं पिशवी ओढली आणि कपडे भरायला लागली.

गुरुवारी, कोठी येण्याआधी, डॉक्टर म्हणाल्या, "तो माइक पाठीला लावा आणि बोला. जाता जाता दोघांची फुफ्फुसं ऐकून घेते."

हेमांगीच्या पाठीवरून तिचं बोलणं नुसतं गढूळ, गुळमुळीत आलं. "उत्तम," डॉक्टर म्हणाल्या.

मग तिनं माइक लॉरेन्सच्या पाठीवर फिरवला. तिच्या कानाला हेडफोन होता. उजव्या खांद्याखाली येताच त्याचे शब्द एकाएकी लख्ख झाले. खोल, भरदार. तिला हसू फुटलं.

"लॉरेन्स, किती स्वच्छ ऐकू येताय तुम्ही!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "पुन्हा तिथंच लाव. त्यांना बोलू दे." मग म्हणाल्या, "हेमांगी, निरोगी फुफ्फुस म्हणजे वायूनं भरलेला स्पंज. त्या असंख्य पोकळ्यांत ध्वनी अडतो, विखुरतो, म्हणून पाठीवर बोलणं गढूळच यायला हवं. पोकळ्यांत द्रव साचला की अडसर जातो. शब्द स्वच्छ येतात."

हेमांगीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"दम लागत नव्हता तुम्हाला?" तिनं लॉरेन्सला विचारलं.

"इथं कुणाला लागत नाही?" लॉरेन्स म्हणाला.

"पेटीतलं औषध पुरणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढची कोठी महिन्यानं. जागा कुणी घ्यायची, ते मी सांगू शकत नाही."

हेमांगी बाकावर बसली. क्षणभर तिला लॉरेन्सचा राग आला, त्याच्या फुफ्फुसाचा राग आला. बाहेर दाबकोठी निवासाला टेकल्याचा धक्का जाणवला. तिनं पिशवी उघडली, आपले कपडे खाटेवर उपडे केले आणि लॉरेन्सचे सदरे एकेक करून आत भरायला लागली.

"वेडेपणा करू नकोस," तो पिपाणीच्या आवाजात म्हणाला. "मी ठीक आहे."

त्या आवाजावरून काहीच कळत नव्हतं. तिनं त्याला वळवलं आणि त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, आपला कान टेकवला.

"आता म्हणा."

"मी ठीक आहे," लॉरेन्स म्हणाला. आणि प्रत्येक अक्षर तिला स्वच्छ ऐकू आलं.