हिरव्या रेघांची बंडी

अख्ख्या संभाजीनगरात भुताला न भिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं पुंडलिकराव साळवे छातीवर थाप मारून सांगायचे. पालीला मात्र भ्यायचे. पाल दिसली की कॉटवर चढायचे, आणि बायकोनं झाडू घेऊन ती बाहेर घालवेपर्यंत खाली पाय टेकवायचे नाहीत.

भुताला न भिण्याचं कारण अगदी साधं होतं. भावसिंगपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतली निम्मी भुतं त्यांनी स्वतःच बनवलेली. दूधवाल्याच्या सायकलच्या घंटीला नायलॉनचा दोरा बांधून चिंचेवर जाऊन बसायचं. बोकडाच्या गळ्यात घुंगरू अडकवून त्याला वीज गेल्यावर बोळात सोडायचं. शेजारच्या मनकर्णाबाईच्या नळात फुंकर मारून तिच्या मेलेल्या सासूच्या आवाजात चहा मागायचा. शाळेचं म्हणाल तर सहावी त्यांनी दोनदा केली. दोन्ही वेळा मास्तरच नापास झाले असं ते सांगायचे. पुढं चाळीस वर्षं क्रांती चौकाच्या अलीकडं एका पत्र्याच्या टपरीत रिक्षाच्या सीटा शिवल्या. हातात दाभण, मांडीवर रेक्झिन आणि तोंडात कुणाची तरी टिंगल.

त्यांची बायको मुक्ताबाई या सगळ्याच्या नेमकी उलट. पुंडलिकराव ज्याला घाबरवायचे त्याच्याकडं ती दुसऱ्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन जायची. गल्लीत म्हणायचे, हा माणूस थरथरवतो आणि ही बाई पांघरूण घालते. पांघरूण घालते हे खरंच होतं. गल्लीत कुणाकडं पाळणा हलणार म्हटलं की मुक्ताबाई दुपटं शिवायला घ्यायची. घराघरात जाऊन जुन्या कापडाचा एकेक तुकडा मागायची. कुणाची साडी, कुणाचा लेंगा, कुणाची शाळेची निळी पँट. म्हणायची, लेकरू आलं तर त्याच्या अंगावर सगळी गल्ली येऊ द्या. आणि मधोमध त्या लेकराचं असं एक चित्र. भाजीवालीच्या पोरीला डोळे मिचकावणारं वांगं, रिक्षावाल्याच्या पोराला पंख फुटलेली रिक्षा. एकदा घाटीच्या दवाखान्यात कुणाला तरी बघायला गेली, तर तिथं एक खुलताबादकडची बाई लेकरू वर्तमानपत्रात गुंडाळून बसलेली. मुक्ताबाईनं अंगावरची शाल जागेवर फाडली, दुहेरी केली आणि तिथंच बाकावर बसून शिवून दिली. त्यावर दोऱ्यानं एक चिमणी पण काढली. चिमणी कशाला, असं पुंडलिकरावांनी विचारलं तर म्हणाली, "अवं, नुसतं गरम असून भागतं का? लेकराला बघायला बी काही पाहिजे."

नवऱ्याच्या कापडाचा तुकडा तर तिच्या प्रत्येक दुपट्यात असायचा. तो ती मागायची नाही. शर्टाच्या मागच्या टोकाला, आत खोचला की दिसणार नाही अशा जागी, चार बोटांचा चौकोन कापून घ्यायची आणि कापलेली कड दुमडून टाके घालून ठेवायची. पुंडलिकरावांच्या कपाटात मागून धड असलेला एक शर्ट नव्हता. अख्ख्या गल्लीची फजिती करणाऱ्या माणसाची फजिती करणारी ती एकटीच.

तिला जाऊन दोन महिने होत आले होते. एका दुपारी छातीत कळ येते म्हणाली, सुई कापडात खोचून ठेवली आणि भिंतीला टेकली, ती तशीच.

खोचलेली सुई होती ती करुणाच्या लेकरासाठी काढलेल्या दुपट्यात. करुणा त्यांची एकुलती एक लेक. कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. नवरा इंद्रजीत वाळूजला कंपनीत, रविवारी यायचा. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती, पण आई गेल्यापासून डोळ्यांतून एक टिपूस काढलं नव्हतं. ताट समोर आलं की अर्धी भाकरी चिवडायची आणि बाजूला सारायची. आठवा लागला तरी वजन वाढेना. डॉक्टरीणबाईनं पुंडलिकरावांना बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर लेकराला धोका आहे. लेकराला घालायला एक झबलं आणू म्हटलं तर करुणा म्हणायची, "नको आबा. काही नको." खुर्चीवर ते दुपटं पडलेलं. कडेचं शिवण अर्धं, मधला भाग कोरा, फक्त खडूनं ओढलेला एक गोल. त्या गोलात काय येणार होतं ते मुक्ताबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पुंडलिकरावांना दुःखावर औषध ठाऊक नव्हतं. त्यांना एकच विद्या येत होती.

एका दुपारी करुणाचा डोळा लागला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, ती सुई कापडातून काढली आणि कडेला पाच टाके घातले. पाचच. बोटं रेक्झिनची, टाके पडले ते रिक्षाच्या सीटासारखे, लांबलचक आणि गाठी मारलेले. मग सुई होती तशी खोचून ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बिडी ओढत बसले. सात जन्म भूत न मानणारा माणूस. घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर रोज मेणबत्ती लावणारा. आणि आपल्याच बायकोचं भूत करायला बसला होता. मनाला लई लागलं त्यांच्या. पण त्या रात्री करुणानं अख्खी भाकरी खाल्ली.

मग काय, रोज दुपारी पाच टाके.

चौथ्या दिवशी त्यांनी दुपटं हातात घेतलं आणि त्यांचे हात थांबले. आदल्या तीन दिवसांचे त्यांचे टाके तिथं नव्हते. त्या जागी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे टाके एका ओळीत बसले होते. बोट फिरवलं तर बोटाला लागू नयेत इतके सारखे. दोऱ्याला मेणाचा हात दिलेला. आणि वास... लवंगेचा. दाढ दुखायची म्हणून मुक्ताबाई कायम गालात लवंग धरायची.

पुंडलिकरावांनी कापड नाकाशी नेलं. मग स्वतःशीच हसले. अरे, पोरगी कुणाची आहे. बापाची चोरी पकडली आणि बोलली नाही, वरून बापालाच घुमवते आहे. त्यांनी मुकाट्यानं पुढं पाच टाके घातले. दुसऱ्या दिवशी तेही गेलेले, आणि जागेवर बारीक ओळ आलेली.

असं दहा-बारा दिवस चाललं. कड पुरी होत आली. पुंडलिकराव आता आनंदात होते. करुणाला मुक्ताबाईचा हात लागला म्हणायचा. लहानपणी एकदा बटण लावायला दिलं तर हिनं शर्ट स्वतःच्या फ्रॉकला शिवून टाकला होता. आईच्या माघारी शिकली असेल. माणूस गेलं की मागचे शिकतात.

मंगळवारी दुपारी आभाळ आलं होतं आणि वीज गेली होती. पुंडलिकराव ओट्यावर बसून डुलक्या घेत होते. आतून आवाज आला. टिक. मग थोड्या वेळानं टिक. मुक्ताबाईला सुई कापडातून ढकलली की बोटातलं लोखंडी अंगुस्तान खुर्चीच्या दांड्यावर टेकवायची सवय होती. आणि त्या दोन आवाजांच्या मधे कापडातून दोरा ओढल्याचं लांब, ओलसर सर्र... पुंडलिकरावांनी चपला काढल्या, भिंतीला धरून आले आणि पडदा बोटभर सारला.

खोलीत कुणी नव्हतं असं नाही. करुणा कॉटवर कुशीवर झोपली होती, दोन्ही हात गालाखाली. पोट श्वासाबरोबर हळूहळू वर येत होतं. खुर्चीवर दुपटं. दोऱ्याच्या टोकाला सुई लोंबत होती... आणि झुलत होती. वारा नव्हता. पंखा बंद. सुई इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि मग हळूहळू थांबली.

"करुणे..." ते कुजबुजले.

करुणा हलली नाही.

पुंडलिकरावांच्या मानेवरचे केस उभे राहिले, हे त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही. त्यांनी मनाला समजावलं. झोपेचं सोंग घ्यायला हिला शिकवलं कुणी? मीच. पाच वर्षांची असताना. पापणी हलू द्यायची नाय, श्वास मोजून घ्यायचा. वा गं वा. पडदा सोडून ते बाहेर आले आणि बराच वेळ चपला उलट्या पायांत घालून बसले.

वीज आल्यावर त्यांनी आत जाऊन बघितलं. मधल्या गोलात माकड आलं होतं. शेपटी वर, जीभ बाहेर, डोक्याला पुंडलिकरावांसारखीच वाकडी टोपी, आणि अंगात बंडी. पांढऱ्या कापडाची, त्यावर बारीक हिरव्या रेघा. कुणाचं कापड ते त्यांना ओळखू आलं नाही. मुक्ताबाई त्यांना लाडानं माकड म्हणायची. चारचौघांत नाही, फक्त घरात.

ते माकडाकडं बघून हसले. मग टोपी काढून डोळे पुसले.

बुधवारी ते गुलमंडीत गेले. गुरुवारी करुणाला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि दोन महिने तेच ते शर्ट घालून त्यांना स्वतःलाच वीट आला होता. दुकानदारानं आठ-दहा शर्ट टाकले. त्यांनी एकाला बोट लावलं. का लावलं ते सांगता आलं नसतं. ओळखीचा वाटला एवढंच. दुकानदारानं पाकीट न फोडता पिशवीत घालून दिलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईनं काट्याकडं बघून मान डोलावली. अडीच किलो वाढलं होतं. लेकराचे ठोके पक्के. "काय औषध दिलंत आजोबा?" तिनं विचारलं.

"सुईनं दिलं," पुंडलिकराव म्हणाले. तिला वाटलं इंजेक्शन.

परत आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. मेथीच्या फोडणीचा वास गल्लीभर पसरला होता. करुणा आत गेली. पुंडलिकराव ओट्यावर चपला काढायला वाकले आणि मागून मनकर्णाबाई म्हणाली, "पुंडलिकराव, नव्या शर्टावर उंदराची मेजवानी झाली का?"

"तुमच्या घरचा असंल. वळण नाय त्याला."

"उंदीर कुठला कडा शिवून जातो? मागं हात लावून बघा."

त्यांनी मागं हात नेला. शर्टाच्या टोकाला चौकोन होता. चार बोटांचा. कड दुमडलेली, बारीक टाके घातलेले.

पुंडलिकराव आत गेले ते शीळ घालतच. करुणा खुर्चीत बसली होती, दुपटं मांडीवर पसरून. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं आणि समोर वेताच्या मोड्यावर बसले.

"पकडली का नाय शेवटी," ते म्हणाले. "किती दिवस बापाला नाचवणार?"

"मी नाचवलं?" करुणा म्हणाली. "सुरुवात कुणी केली, आबा? पहिले टाके कुणाचे होते?"

"तुला कळलं?"

"रिक्षाची सीट ओळखू येत नाही व्हय मला? त्यावर बसून शाळेत गेले मी."

पुंडलिकरावांनी खाली मान घातली. "तुला वाटावं म्हणून केलं... की ती आहे. तू जेवावं म्हणून."

"मी आई आली म्हणून नव्हते जेवत." तिचा आवाज बारीक झाला. "पहिल्या दिवशी मी जागी होते. त्या जाड बोटांत सुई धरायला तुम्ही किती धडपडत होतात... जीभ बाहेर काढून. म्हटलं, हा माणूस एवढं करतो आहे तर मी निदान भाकरी खावी. मग तिसऱ्या दिवसापासून तुम्ही चौकात चहाला गेलात की रोज ते टाके उसवून ठेवायचे."

"उसवायचीस? का गं, माय?"

"पुरं झालं असतं ना. पुरं झालं की आई खरंच गेली, असं वाटायचं. आणि तुमच्या हाताला पण काम राहायचं." आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा करुणा रडली. दुपट्यात तोंड खुपसून, अगदी लहान पोरीसारखी. पुंडलिकराव उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. लवंगेचा वास येत होता, पण फोडणीतही लवंग घालतात लोक.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. पुंडलिकरावांनी घसा खाकरला. रडण्यानंतर टिंगल ही त्यांची जुनी पद्धत.

"पण हात मात्र आईचा घेतलास," ते म्हणाले. "उसवलंस ते उसवलंस, पुन्हा शिवलंस कसं झ्याक. आणि माकड तर हुबेहूब. ती असती तर तिनं बी हेच काढलं असतं. फक्त बापाच्या नव्या कोऱ्या शर्टावर कात्री चालवायला नको होती." ते वळले आणि मागचं टोक हातात धरून दाखवलं. पांढरं कापड, बारीक हिरव्या रेघा.

करुणानं शर्टाचं टोक जवळ ओढलं. मग तिनं मांडीवरच्या माकडाच्या बंडीवर बोट ठेवलं. रेघेला रेघ लावून बघितली. गणित तपासतात तशी, दोनदा.

"आबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी फक्त उसवलं. त्यात टाका एकही माझा नाही; मला वाटत होतं नंतर नीट तुम्हीच शिवताय, माकडसुद्धा, म्हणून त्या बारीक टाक्यांना मी हात लावला नाही. आणि हा शर्ट तर तुम्ही आज सकाळी माझ्यासमोर पाकिटातून काढलात, टाचण्या मीच काढल्या. हे माकड मंगळवारपासून इथं आहे."