पाहुण्याची कूस

उताणा

जुन्या वस्तूंना नीट झोपवणं हे माझं काम. फुटका रांजण असो की दगडी डोकं, त्याच्या पाठीचा आकार कागदावर उतरवायचा, त्या फर्म्यावरून फोम कापायचा आणि खोलगट बैठक तयार करायची. भार सगळीकडे सारखा वाटला गेला पाहिजे. एकाच जागी दाब आला की तडा जातो. हे मला बाबांनी शिकवलं. ते सुतार होते. आता ते स्वतःच झोपून होते.

संग्रहालयाच्या कोठारात त्या दिवसांत एक पाहुणा आला. भाजलेल्या मातीची, माणसाच्या आकाराची शवपेटी. मिटलेले डोळे, पोटावर ठेवलेले हात, आणि आत कुणी नाही.

"यात कधीच कुणी नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वस्तूंवर उपचार करतात, म्हणून आमच्याकडे त्यांना हे नाव. "माणूस दूर कुठे गेला आणि हाती लागला नाही, की नुसता आकार पुरत असावेत. म्हणजे त्याला यायला जागा राहते."

आम्ही दोघींनी पाहुण्याला उचललं. वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. आतून काहीतरी घरंगळत गेलं.

"पोटात खडा आहे," बाई म्हणाल्या. "पाणी जास्त प्यायला सांग."

त्याला छतातल्या काचेखाली ठेवलं. काचेतून ढग सरकताना दिसायचे, आणि त्यांची सावली त्याच्या चेहऱ्यावरून.

डाव्या कुशीवर

"मला वाळत घातलेल्या गादीसारखं उलटंपालटं करता," बाबा म्हणायचे. दादा खांदा धरायचा, मी कंबर. झोपून झोपून त्यांच्या माकडहाडावर जखम झाली होती. तिचा आकार मला पाठ होता: एका बाजूला निमुळती, दुसरीकडे पसरट, नासपतीसारखी.

"महिनाअखेर जखम भरली नाही तर शुश्रूषागृह," दादा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला. "असं बघू नकोस माझ्याकडे. मला काय हौस आहे?"

बाबांनी ऐकलं असावं. संध्याकाळी त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथे नको गं. तिथे मी कुणाचा?"

पाहुण्याच्या बैठकीतून उरलेला फोम मी घरी आणला. खरं तर बाबांच्या पाठीचा फर्मा वेगळा उतरवायला हवा होता. पण खांदे, कंबर, टाचा, सगळं पाहुण्याशी जुळत होतं. मी कंटाळा केला आणि तोच फर्मा वापरला.

बाबा त्यात अलगद बसले. त्यांनी डोळे मिटले आणि हात आपणहून पोटावर घेतले.

काही दिवसांत जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. दादाने वाकून पाहिलं. "चोरीचा माल दिसतोय," तो म्हणाला. "गुण आला."

उजव्या कुशीवर

पाहुण्याला साफ करायला वळवलं तेव्हा त्याच्या पाठीवर, कमरेच्या खाली, एक ओलसर जागा दिसली. माती मऊ पडून सुटत होती.

"भाजलेल्या मातीला ओल कुठून आली?" डॉक्टरीणबाईंनी बोट लावून वास घेतला. "क्षार असतील."

मी त्या जागेचा आकार पाहिला. एका बाजूला निमुळती. दुसरीकडे पसरट.

बाईंनी एका कडेला माती घट्ट करणारं द्रावण लावून पाहिलं. त्याच संध्याकाळी बाबांची पट्टी सोडली, तर जखम त्याच कडेला उकलली होती. दुसऱ्या दिवशी बाई जेवायला गेल्या असताना मी ते द्रावण कापसाने पुसून काढलं. घरी आले तेव्हा कड पुन्हा मिटलेली होती.

हे कुणाला काय सांगणार होते?

पाहुणा जड होत चालला. त्याला वळवायला आता दोघी पुऱ्या पडेनात. आणि घरी दादा खुशीत सांगायचा, "मी एका हाताने वळवतो बाबांना. माझी पाठसुद्धा सुधारली बघ."

बाबा फारसं बोलेनासे झाले. एकदा मी चमच्याने पाणी पाजत होते, तेव्हा ते म्हणाले, "त्या काचेवर कबुतर येऊन बसतं. त्याला कुणी हुसकत का नाही?"

त्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे. ती भिंतीसमोर उघडते.

"कुठल्या काचेवर, बाबा?"

"तू खाली काम करत असतेस ना, तिथे वर." ते हसले. "दिवसभर तुझ्याजवळच असतो मी. बरं वाटतं."

पालथा

"उद्या पाहुण्याची सगळी पाठ घट्ट करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून थांबलो तर हाती चुरा येईल."

"मी करते," मी म्हणाले. "तुम्हाला त्या वासाने डोकेदुखी होते."

"शहाणी गं माझी."

मी बाटली उघडली, म्हणजे वास सुटेल. ब्रश ओला केला आणि पुसून ठेवला. पाहुण्याच्या पाठीवर तळहात ठेवला.

उबदार होती.

बाईंना म्हणाले, झालं. ओली जागा खाली जाईल असा त्याला मदतनिसांकडून उताणा करून घेतला. चौघे लागले. आतून काहीच घरंगळलं नाही.

पुन्हा उताणा

जखम भरली. दादाने माझ्यासमोर शुश्रूषागृहाला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला.

"जिंकलीस तू," तो म्हणाला. डोळे पुसले. "चल, वळवू या त्यांना."

बाबांची पाठ कोरडी होती. थोडी खरबरीत, सावलीतल्या विटेसारखी गार. व्रणसुद्धा उरला नव्हता.

दादाने खांदा धरला. मी कंबर.

बाबा वळले, आणि त्यांच्या आत काहीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घरंगळत गेलं.

"काय वाजलं?" दादाने विचारलं.

"काही नाही. नीट धर."

आम्ही त्यांना बैठकीत ठेवलं. ते बरोबर बसले.