पेशंटनं स्वतः यायचं

ऐक, सांगते. दोन हजार चार साल. मी सापगावची योगिनी, बहिणीचे कागद आणायला शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात गेले होते. तिथल्या कुठल्याशा इंजेक्शनाची रिअॅक्शन येऊन माझी ही बहीण, जिवली, मरता मरता वाचली होती. आता दुसऱ्या डॉक्टरांकडं तिचं सीझर ठरलेलं. ते म्हणाले, "कुठलं इंजेक्शन होतं ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

कान्हा क्लार्कचं एकच पालुपद. "पेशंटनं स्वतः येऊन अंगठा लावायचा, मगच कागद."

"ती झोपून हाय. हे तिच्या अंगठ्याचं पत्र. अर्जाला बहात्तर तास झालेत. तेवढ्यात कागद द्यायचा कायदा मला पाठ हाय, कान्हाभाऊ."

मी काय हलणारी नव्हे. शेवटी त्यानं चावी टाकली. "शोधा मग तुमीच. आन् रजिस्टरात सही करा, स्टॅम्पपॅड सुकलाय."

रेकॉर्डच्या खोलीचं कुलूप मीच काढलं. भर दुपार, पण आत खिडकी नाय आणि लाईट गेलेली, दारातून येईल तेवढाच उजेड. फिनेलचा आणि दमट कागदांचा वास. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता, सावकाश, एकेक. कोपऱ्यात हिरव्या गाऊनातली एक बाई फरशीवर बसली होती.

"जिवलीचे ना... हे घे गो."

तिची बोटं रांजणातल्या पाण्यासारखी गार लागली. अंगठ्याला निळी शाई होती.

"तुमी कोण?"

"मी माझे शोधत व्हते..." तिनं दुसरी फाईल छातीशी धरली. "घरचे तीनदा आले. तो म्हनतो, पेशंटला आना... म्हनून आले."

भ्याले ना, खोटं कशाला बोलू. पण जिवलीचे कागद हातात होते. बाहेर येऊन रजिस्टरात सही ठोकली, आणि बघते तर खालच्या ओळीत निळा अंगठा, अजून ओला. पुढं नाव सावळी, गाव उंबरमाळी. कान्हाचा चेहराच उतरला.

"ही तर मागल्या वर्षी... आपल्याच वॉर्डात वारली."

मी परत आत जाऊन पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी कागद वाचून इंजेक्शन बदललं. जिवली सुखरूप आहे, भाची आता शाळेत जाते.

परवा कान्हा बाजारात भेटला. आता मागेल त्याला कागद देतो म्हणाला. मी विचारलं, "ती परत आली काय?"

"ती नाय," तो हळूच बोलला. "ज्यांच्या घरच्यांना मी परत धाडलं, ते पेशंट स्वतः येतात... काल रजिस्टरचं पान अंगठ्यांनी भरलं."