निकालाच्या आधी

बर्डीच्या बाजारात, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून अस्मितानं फिजिक्सचा एक जाडजूड ठोकळा उचलला, तोच शेजारून कोणीतरी हळूच म्हणालं, "ते नको घेऊ."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा… डोळे जागरणानं ओढलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू.

"काहून? तू दुकानदार आहे का?"

"नाही. ते घेऊन नापास झालो आहो."

तिला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. गेल्या वर्षी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत मार्क कमी पडले, तेव्हापासून कामठीच्या त्यांच्या घरात कोणी मोकळं हसलंच नव्हतं. आई पॉवरलूमवर जायची, यायची, आणि काही विचारायची नाही. ते न विचारणंच अस्मिताच्या अंगावर यायचं.

मुलाचं नाव नागसेन. राहणारा कळमेश्वरचा, आणि परीक्षेचा हा तिसरा प्रयत्न. त्याचं म्हणणं साधं होतं: बायोलॉजीला एनसीईआरटी ओळ न् ओळ, फिजिक्सला कोणतंही एकच पुस्तक, पण शेवटच्या पानापर्यंत, आणि मागच्या वर्षांचे पेपर. रामदासपेठेतल्या क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स, मोबाइलवरचे व्हिडिओ, टेस्ट सिरीज… हे जमवण्यातच त्याचं एक वर्ष गेलं होतं.

"पुस्तक घेतलं की अभ्यास झाल्यासारखं वाटते," तो म्हणाला.

घरी पलंगाखाली पडलेली न उघडलेली पुस्तकं तिला आठवली. तिनं ठोकळा खाली ठेवला.

मग दोघं एकाच अभ्यासिकेत बसू लागले. तो तिला फिजिक्स समजावायचा, ती त्याच्याकडून बायोलॉजी पाठ करून घ्यायची. त्यानं पुढे केलेलं पेन घेताना ती उगाच वेळ लावायची — बोटं लागू नयेत म्हणून, की लागावीत म्हणून, तिचं तिलाच कळत नसे. कूलरच्या वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या पानावर उडे. तो ती बाजूला सारत नसे.

"वाच ना गा."

"वाचूनच तं राहिलो," तो म्हणे… तिच्याकडे बघत.

फेब्रुवारी संपता संपता त्याचे बाबा गेले. कारखान्यात यंत्र साफ करताना ते अचानक सुरू झालं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरात आई आणि शाळेत जाणारी बहीण. कंपनीनं बाबांच्या जागी नागसेनला घेतलं, आणि ज्या यंत्रानं बाबांना नेलं त्याच्याच शेजारी तो उभा राहू लागला.

एकदाच तो अभ्यासिकेत आला, आपली सगळी पुस्तकं तिच्यापुढे ठेवायला. फॉर्म भरलाच आहे तर पेपर तरी दे, असं ती म्हणाली. त्यानं पुस्तकांचा गठ्ठा तिच्याकडे आणखी सरकवला.

"पान उघडवत नाही वं आता. शरीराची आकृती पाहिली की बाबा दिसते."

अस्मितानं पुन्हा आग्रह केला नाही. पण रोज त्याची ड्यूटी सुटली की ती फोन करायची आणि दिवसभर वाचलेलं त्याला सांगायची. बसमध्ये ऐकता ऐकता कधी त्याचा डोळा लागे. ती फोन ठेवत नसे… त्याचा श्वास ऐकत राही.

मे महिन्यात, परीक्षेच्या रविवारी, ऊन नुसतं भाजून काढत होतं. केंद्राबाहेर कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत आईबापांची गर्दी होती, त्यात नागसेनही उभा होता. तिकडे दुसऱ्या केंद्रावर त्याचा स्वतःचा बाक रिकामा राहिला होता.

अस्मिता बाहेर आली ती पांढरीफटक. फिजिक्स गेलं, एवढंच ती बोलू शकली. सगळं ठीक होईल, असं तो म्हणाला नाही. तिला पाणी दिलं आणि कुंपणाच्या भिंतीवर तिच्या शेजारी बसला.

"अस्मिता… तुले एक सांगायचं होतं. निकाल लागल्यावर सांगणार होतो."

"मंग?"

"तुझा नंबर लागला तं वाटंल, डॉक्टर होणार म्हणून सांगून राहिला. नाही लागला तं वाटंल, कीव करून राहिला. म्हणून आजच सांगतो. मले तू आवडते. लय आवडते."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पेपरचं, त्याच्या बाबांचं, कशाकशाचं…

"मले पुढचं काहीच दिसत नाही, नागसेन," ती म्हणाली. "पण जे होईल, त्यात तू पाहिजे."

तिनं त्याचा हात हातात घेतला. तळवा खरखरीत झाला होता. चहूकडे मुलं एकमेकांशी उत्तरं पडताळून पाहत होती. त्या दोघांनी एकही पडताळलं नाही.