कर्णकौल

चौथीचं भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं रेवाशी बोलत होतं, आणि स्वयंपाकघरात तिच्या आईचा, उल्का खैरनारचा, जीव थाऱ्यावर नव्हता. तो बाईचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

पाठ्यपुस्तकं एव्हाना सर्वांना खुली झाली होती. कुणीही ती मोफत उतरवून घ्यावीत. त्यांना वाचा मिळाली ती मात्र प्रत्येक मुलापुरती निराळी. मन लावून ऐकताना कानाच्या आत अतिसूक्ष्म हालचाली होतात. कानात घातलेलं बोंडूक, म्हणजे बोंडाएवढं ऐकण्याचं यंत्र, त्या टिपी आणि पुस्तकाच्या आवाजाचा पोत, हेल, गती त्याप्रमाणे बदलत नेई. शेवटी एक आवाज पक्का होई. कानानं दिलेल्या या पसंतीला नाव पडलं कर्णकौल.

डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात म्हणून रडणारी रेवा आता आपणहून पुस्तक उघडत होती. तरीही उल्का संशोधन केंद्रात गेलीच.

"हा आवाज कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही," कर्णकौलावर काम करणाऱ्या डॉ. शेहनाज तांबोळी म्हणाल्या. "रेवाच्या कानानं घडवलाय. पण बहुतेक मुलांचा कौल आईकडेच झुकतो. पोटात असल्यापासून बाळ तिचं बोलणं ऐकतं ना! ती ओळख कानात मुरलेली असते."

"माझा आवाज किनरा आहे, मॅडम. हा घोगरा. आणि वाक्याच्या शेवटी हेल काढतो." उल्का थांबली. "रेवा दीड महिन्याची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. तिला अजून सांगितलेलं नाही."

शेहनाजबाईंचं हसू मावळलं. "दुसरा आवाज बसवता येईल. पण तिचं लक्ष टिकेल याची खात्री नाही."

त्या संध्याकाळी उल्कानं बोंडूक काढून ठेवलं आणि स्वतः धडा वाचायला घेतला. रेवानं शहाण्यासारखं थोडा वेळ ऐकलं. मग आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई, तू दमलीस. पुस्तकालाच वाचू दे ना."

दुसऱ्या दिवशी उल्कानं फोन केला. "तोच आवाज राहू द्या."

"बरं केलंत," शेहनाजबाई म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "उल्काताई, एक सांगायला हवं. पुस्तकांसारखे हे आवाजही नाव न लावता खुल्या साठ्यात जातात. रेवाच्या आवाजाशी तंतोतंत जुळणारा आणखी एक आलाय. पहिलीतल्या एका मुलाच्या कानानं घडवलेला."

"म्हणजे?" उल्कानं विचारलं.

"त्या मुलाच्या आईनं तो ऐकला. स्वतःचाच आवाज, लगेच ओळखला तिनं. साठ्यात जुळणीची खूण दिसली, म्हणून तिनं विचारलंय, माझा आवाज आणखी कोणतं मूल ऐकतंय? तुम्हाला विचारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. काय कळवू?"

आतल्या खोलीत रेवानं बोंडूक काढून पुस्तक मोठ्यानं लावलं होतं. घोगरा आवाज नद्यांचे उगम समजावून सांगत होता; मध्येच प्रश्न विचारत होता, आणि रेवा खळखळून हसत उत्तरं देत होती.

उल्कानं उठून दार लोटून घेतलं. आवाज येतच राहिला.